आज्ञाभंग आणि गाऱ्हाणे

कनिष्ठ सैनिकाने आज्ञा मोडली म्हणजे अधिकाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात : शिस्तीचा भंग कोणी केला, आणि तो कशामुळे घडला? दुसऱ्या प्रश्नाची उपेक्षा झाल्यास काय होते, हे १९४६ साली मुंबईत दिसून आले.

कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण-केंद्रात निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणूक यांमुळे खलाशी असंतुष्ट होते. केंद्रप्रमुख कमांडर किंग यांनी शिवीगाळ केल्याची तक्रार त्यांनी केली; तिचे वेळीच निवारण झाले नाही. १८ फेब्रुवारी रोजी खलाशांनी अन्न व काम दोन्ही नाकारले. किंग यांच्या जागी दुसरा अधिकारी आला. परंतु स्वातंत्र्याकांक्षेने भारलेल्या त्या वातावरणात मूळ गाऱ्हाणे केव्हाच मागे पडले होते. उठाव कराचीपर्यंत पसरला व २३ फेब्रुवारीस संपला. पुढे फज्ल अली चौकशी आयोगाने खलाशांची गाऱ्हाणी व प्रशासनाचे दोष नोंदविले.

स्वतंत्र भारताच्या भूसेनेसाठी केलेल्या १९५० च्या सेना अधिनियमात दोन्ही प्रश्नांची दखल आहे. कलम ४१ अन्वये आज्ञाभंग दंडनीय आहे. कलम २६ अन्वये सैनिकास कंपनीप्रमुखाकडे आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध असल्यास त्याच्या वरिष्ठाकडे दाद मागता येते.

ही दोन कलमे परस्परविरोधी नव्हेत. गाऱ्हाणे ऐकल्याने आज्ञाभंग क्षम्य ठरत नाही. मात्र दाद मागण्याचा मार्ग खुला असेल तरच शिक्षा न्याय्य वाटते, आणि एकाचा उद्दामपणा सर्वांचा असंतोष होत नाही.