दोन भाषांची शाळा : कतारचा अनुभव आणि आपली मुले



कोकणातल्या गावोगावी, आणि आता घाटावरच्याही पुष्कळ घरांतून, कोणी ना कोणी आखाती देशात कामाला गेलेला असतो. तिथला पगार, तिथले ऊन, तिथल्या उंच इमारती यांच्या गोष्टी आपण ऐकतो. पण तिथली मूळची अरब माणसे आपल्या मुलांना कोणत्या भाषेत शिकवतात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. जून महिना जवळ आला की "पोराला मराठी शाळेत घालायचे की इंग्रजी?" हा प्रश्न आपल्या ओसरीवर निघतो. तोच प्रश्न कतारच्या अरब घरातही आहे. त्यांनी त्यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे.

कतार हा देश आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. तेल सापडण्यापूर्वी समुद्रात बुडी मारून मोती काढणे हा तिथला मुख्य धंदा होता. आखातातल्या मोत्यांचा मोठा बाजार आपल्या मुंबईत भरे, आणि 1966 पर्यंत तिथे व्यवहारात चालत असे तोही रुपयाच. पुढे तेल आणि नैसर्गिक वायू निघाला आणि देश श्रीमंत झाला. कामाला माणसे कमी पडली म्हणून ती बाहेरून आली. आज तिथे मूळचे नागरिक थोडे आणि बाहेरून आलेले फार. साहजिकच दुकानात, दवाखान्यात, कंपनीत इंग्रजीवाचून चालत नाही. उलट धर्म, कायदा आणि आजी-आजोबांशी बोलणे हे सगळे अरबीत. म्हणजे एक भाषा पोटाची आणि दुसरी घराची. दोन्ही हव्यात.

दोन भाषा एका वर्गात कशा?

कतार फाउंडेशन ही संस्था 1995 साली निघाली आणि 1996 मध्ये तिची कतार अकॅडमी ही शाळा सुरू झाली. आंतरराष्ट्रीय दर्जाचे शिक्षण मिळावे, पण मुलाची अरबी सुटू नये, हा त्यामागचा विचार. अशा दुभाषी शाळा आता आखातात अनेक आहेत. चांगल्या शाळेत बालवर्गापासून एक शिक्षिका अरबीत बोलते आणि दुसरी इंग्रजीत. दोन्ही भाषांची वेळ ठरलेली असते. एकच वाक्य आधी या भाषेत आणि मग त्या भाषेत सांगितले जात नाही. तसे केले तर मूल आपल्याला सोप्या भाषेची वाट पाहत बसते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, तर इंग्रजी डावीकडून उजवीकडे. अरबी अक्षर शब्दात कुठे येते त्यावर त्याचे रूप बदलते. रोजच्या छापील मजकुरात ऱ्हस्व स्वरांच्या खुणाही नसतात, त्या वाचणाऱ्याने मनाने घ्यायच्या. शिवाय घरात बोलतात ती अरबी निराळी आणि पुस्तकातली निराळी. त्यामुळे तिथल्या मुलाला खरे पाहता तीन भाषा सांभाळाव्या लागतात. एक गंमत सांगतो. अरबीत जे आकडे वापरतात त्यांना अरब लोक 'हिंदी आकडे' म्हणतात, कारण ही अंकविद्या त्यांच्याकडे आपल्या देशातून गेली.

घाईने काय झाले?

2001 साली कतारच्या राज्यकर्त्यांनी रँड या अमेरिकन संस्थेला बोलावून आपल्या शाळांची तपासणी करून घेतली. त्यानंतर 2004 मध्ये नव्या पद्धतीच्या 12 सरकारी शाळा सुरू झाल्या, आणि पुढे ही पद्धत सगळ्या सरकारी शाळांत नेली. त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचे ठरले. हेतू चांगला होता. पण जे शिक्षक स्वतः अरबीत शिकले आणि आयुष्यभर अरबीतच शिकवत आले, त्यांना एकाएकी इंग्रजीत उभे केले. मुलांचे इंग्रजीही कच्चे. मग अपूर्णांक समजावण्याचा वेळ शब्दाचा अर्थ सांगण्यातच जाऊ लागला. 2006 मध्ये 'पिसा' या आंतरराष्ट्रीय परीक्षेत कतारच्या मुलांना गणितात 318 गुण पडले. पुढारलेल्या देशांची सरासरी 500 च्या आसपास होती. अर्थात 2006 मध्ये सुधारणा नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा हा सगळा दोष भाषेचा म्हणता येणार नाही. पण पाया किती कच्चा होता, हे त्यावरून दिसते.

पालकांची तक्रार दुहेरी होती. मुलाला इंग्रजी धड येत नाही आणि अरबीही मागे पडली. शेवटी 2012 मध्ये सरकारी शाळांतले गणित-विज्ञान पुन्हा अरबीत आणले गेले, आणि इंग्रजी हा विषय म्हणून राहिला. खासगी शाळांनाही अरबी भाषा आणि कतारचा इतिहास शिकवणे बंधनकारक आहे. 2018 च्या पिसा परीक्षेत गणिताचे गुण 414 पर्यंत आले. त्यामागे कारणे अनेक आहेत, एकट्या भाषेला श्रेय देऊ नये.

आपण काय घ्यावे?

आपल्याकडची सेमी-इंग्रजी म्हणजे हीच गोष्ट. बाकी विषय मराठीत, गणित-विज्ञान इंग्रजीत. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्वारीत तूर आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो. पण ओळी मोजून पेरल्या तरच दोन्ही पिके हाती लागतात. दाटीवाटीने फेकलेल्या बियाण्यातून ना ज्वारी भरते, ना तूर.

म्हणून शाळा निवडताना एवढे पाहा :

1. गणित-विज्ञान शिकवणारे गुरुजी किंवा बाई स्वतः सफाईने इंग्रजी बोलतात का? शाळेच्या पाटीपेक्षा हे महत्त्वाचे. वर्गाबाहेर थोडा वेळ थांबून ऐका.

2. मुलाला शाळेत शिकवलेले उदाहरण घरी मराठीत समजावून सांगायला लावा. सांगता आले तर ते समजले. नुसते इंग्रजी शब्द म्हणून दाखवले तर ती घोकंपट्टी.

3. घरात रोज थोडे तरी मराठी वाचन मोठ्याने होऊ द्या. आई, आजी, मोठी बहीण, कोणीही वाचावे. पहिली भाषा पक्की असली की दुसरी तिच्या आधाराने चढते.

4. फीसाठी गाय विकण्याआधी किंवा कर्ज काढण्याआधी गावच्या शाळेत एक फेरी मारा. कतारच्या नागरिकांना खासगी शाळेच्या फीसाठी सरकार मदत देते. आपल्याला तो भार स्वतः उचलायचा आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे.

5. मूल मागे पडले तर त्याला 'ढ' म्हणू नका. विषय अवघड जातो की भाषा, ते आधी बाईंशी बोलून ठरवा.

पैशाला तोटा नसलेल्या देशालाही हा मार्ग आठ वर्षांनी बदलावा लागला. आपल्या घरात एका मुलाची आठ वर्षे म्हणजे पहिली ते आठवी. ती परत मिळत नाहीत. तेव्हा यंदाच्या जूनमध्ये निर्णय घेताना शेजाऱ्याने काय केले ते पाहू नका, आपल्या मुलाची पाटी पाहा.