सायमन अँड शूस्टर कुणाकडे गेली?

१९२४ मध्ये शब्दकोड्यांच्या पुस्तकाने न्यूयॉर्कात सुरू झालेली ‘सायमन अँड शूस्टर’ ही प्रकाशनसंस्था २०२० साली व्हायकॉमसीबीएस (पुढची पॅरामाउंट) या मालक कंपनीने छापील आणि ऑडिओ विभागांसकट विकायला काढली. पेंग्विन रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेने २.१७५ अब्ज डॉलर देऊ केले. पण अमेरिकी सरकार कोर्टात गेलं. दोन बडे प्रकाशक एक झाले, तर नामवंत लेखकांना मिळणारी आगाऊ रक्कम घटेल, हा सरकारचा मुद्दा. लेखक स्टीफन किंग यांची पुस्तकं सायमन अँड शूस्टरकडूनच निघतात, तरी ते सौद्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. मला याचं फार कौतुक वाटतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने सौदा रोखला. २०२३ मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीने ही संस्था १.६२ अब्ज डॉलरला घेतली, आणि कर्मचाऱ्यांनाही मालकीत वाटा देऊ असं जाहीर केलं.