गेमचं स्टिअरिंग घेताय? ‘व्हायब्रेशन’ला भुलू नका

पॉवर स्टिअरिंग नसलेला जुना ट्रॅक्टर ढेकळांत घातला की स्टिअरिंग हाताला हिसके देतं. कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेममध्ये असाच हिसका देणाऱ्या स्टिअरिंगला ‘फोर्स फीडबॅक’ म्हणतात. आत मोटर असते, गेममधली गाडी घसरली की ती स्टिअरिंग ओढते. स्वस्तातली नुसती मोबाईलसारखी थरथरतात. खोक्यावर ‘व्हायब्रेशन’ लिहिलेलं असतं, पोरं मात्र फोर्स फीडबॅक समजून पैसे मोजतात.

लॉजिटेकच्या जी29 मध्ये मोटरचा जोर गिअरमधून येतो, म्हणून जरा खरखर. थ्रस्टमास्टरच्या बऱ्याच मॉडेलांत पट्टा असतो. ‘डायरेक्ट ड्राइव्ह’मध्ये स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसतं. हा प्रकार पूर्वी फार महाग होता. 2021 मध्ये जर्मनीच्या फॅनाटेकनं सीएसएल डीडी आणलं, मागोमाग चीनची मोझा उतरली, आणि भाव खाली आले. सीएसएल डीडीचा जोर 5 न्यूटन मीटर, म्हणजे मीटरभर आडव्या दांड्याच्या टोकाला अर्धा किलो टांगल्यावर बसेल तेवढा पीळ. पुढं 2024 मध्ये फॅनाटेकची मूळ कंपनी एंडोर दिवाळखोरीत गेली नि धंदा अमेरिकेच्या कॉर्सेअरनं घेतला.

आणखी एक. जी29 प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटरवर चालतं, एक्सबॉक्सवर नाही. त्याला जी920 लागतं. तेव्हा पैसे देण्याआधी घरात कोणतं मशीन आहे ते पोराला विचारा.