‘आज नको’ म्हणणारी माणसं

मालवणात ज्यांच्याकडे मी डायव्हिंग शिकले, त्या सरांनी या हंगामाच्या शेवटी धंदा बंद केला. सिलिंडर विकले, कॉम्प्रेसर विकला, होडी पुतण्याच्या नावावर केली. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “गिऱ्हाईक सूचना ऐकायला थांबत नाही. शेजारचा पाच मिनिटांत पाण्यात उतरवतो, मग माझ्याकडे कोण येणार?”

हे मला लागलं. कारण शेजारच्याकडे पाठवली जाणारी माणसं आमच्या पुण्याच्या वाघोलीतूनच जातात. शुक्रवारी रात्री नगर रोडवरून बस सुटते. तिच्या जाहिराती आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभर आधी येऊ लागतात. स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राईड, मासळीची थाळी आणि व्हिडिओ मोफत, सगळं एका रकमेत. होडी कुणाची, पाण्यात बरोबर कोण उतरणार, समुद्र खवळला तर काय करायचं, याबद्दल त्यात चकार शब्द नसतो.

सरांसारखी माणसं कशी घडली हे सांगण्यासाठी सिंधुदुर्गच्या समुद्राचा आधीचा इतिहास मी भरभर उलटते. 1987 साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. पुढची कित्येक वर्षं सरकार आणि मच्छीमार यांच्या वादात ते कागदावरच राहिलं. पाण्याखाली प्रवाळ आहे, हे बाहेरच्या बहुतेक लोकांना ठाऊकच नव्हतं.

खरा चांगला काळ त्यानंतरचा, 2011 पासून पुढची आठ-नऊ वर्षं. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी तिथल्या मच्छीमारांच्या मुलांना रीतसर डायव्हिंग शिकवायला घेतलं. 2015 मध्ये तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था उभी राहिली. ज्या पोरांचे आजे-पणजे त्या पाण्यात जाळी टाकत होते, तीच पोरं आता सिलिंडर लावून तळाशी जाऊ लागली. समुद्राचं घरातलं ज्ञान आणि पुस्तकातले नियम एकाच माणसात आले. एवढी चांगली सांगड मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही.

आमचे सर त्यातलेच. ते आधी पंचांग बघायचे, मग हवामानाचा अंदाज. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात ओढतं, अष्टमीच्या सुमारास भांग असतो तेव्हा ओढ कमी. मग होडीवरच्या वयस्कर तांडेलाकडे बघायचे. तो पाण्याकडे दोन मिनिटं टक लावून बसायचा आणि कधी कधी म्हणायचा, “बाये, पाण्याक लय ओढ आसा. आज नको.” झालं, डाइव्ह रद्द. पैसे परत. पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं चिडायची, वाद घालायची. सर ऐकून घ्यायचे आणि चहा मागवायचे. होडी काही सुटायची नाही.

ओढीच्या पाण्यातलं, म्हणजे ड्रिफ्ट डाइव्हचं, शिक्षण त्यांनीच दिलं. त्यात प्रवाहाशी झगडायचं नसतं. सगळ्यांनी एकदम उतरायचं आणि त्याच्याबरोबर जायचं. पण मग होडीनेही आपल्याबरोबर आलं पाहिजे. एक नॉटचा प्रवाह ऐकायला किरकोळ वाटतो. तो मिनिटाला तीस मीटर नेतो. चाळीस मिनिटांनी तुम्ही उतरल्या जागेपासून सव्वा किलोमीटरवर असता, आणि लाटांमध्ये माणसाचं डोकं काहीशे मीटरवरूनही दिसत नाही. म्हणून प्रत्येकाजवळ गुंडाळलेला नारिंगी फुगा, रीळ आणि शिट्टी हवीच. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, तिथूनच फुगा वर सोडायचा. जोडीदार दिसेनासा झाला, तर मिनिटभर शोधायचं आणि सावकाश वर यायचं. प्रवाह खाली खेचू लागला, तर सरळ वर धडपडायचं नाही, आडवं पोहून त्यातून बाहेर पडायचं. हे सगळं ते जेटीवर, उन्हात, प्रत्येकाकडून वदवून घ्यायचे.

त्याची किंमत मला कर्नाटकात कळली. मुर्डेश्वरपासून एकोणीसेक किलोमीटर आत नेत्राणी बेट आहे. आम्ही काही पुणेकर तिथे एका दुसऱ्याच व्यावसायिकाबरोबर गेलो होतो. होडी नांगरून ठेवलेली, आणि वर एकटा खलाशी. पाण्याखाली असताना ओढ वाढली. बेटाचा कडा डोळ्यांसमोरून सरकू लागला, मासे स्थिर आणि आम्हीच वाहत चाललेले. वर आलो तेव्हा होडी बोटभर दिसत होती. आमच्या गटातल्या सरांच्या विद्यार्थ्यांनी फुगे उभे केले, एकमेकांचे पट्टे धरले, शिट्ट्या वाजवल्या. खलाशी झोपला होता. त्याला जाग आली, त्याने नांगर ओढला, इंजिन दोन वेळा बंद पडलं. आम्ही होडीत चढलो, तेव्हा तिथला गाईड हसत म्हणाला, “मजा आली ना?” आजही त्या वाक्याचा मला राग येतो.

याहून भयंकर घडलेलं आहे. 25 जानेवारी 1998 रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर टॉम आणि आयलीन लोनर्गन या जोडप्याला पाण्यातच ठेवून होडी किनाऱ्याला परतली. मोजणी चुकली होती. होडीत राहिलेली त्यांची बॅग लक्षात येईपर्यंत दोन दिवस गेले. ते दोघं सापडले नाहीत. त्यानंतर तिथले माणसं मोजण्याचे नियम कडक झाले. फेब्रुवारी 2014 मध्ये बालीजवळ सात जपानी महिला ड्रिफ्ट डाइव्हमध्ये हरवल्या, हवा बिघडली आणि होडीला त्या दिसल्याच नाहीत. तीनेक दिवसांनी पाच जणी जिवंत सापडल्या. या दोन्ही वेळी घात झाला तो होडी आणि पाण्यातली माणसं यांची ताटातूट झाली म्हणून.

आमच्याकडे मात्र जे लोक हे सगळं बोलायचे, त्यांची ‘पुण्याचे शंकेखोर’ म्हणून टर उडवली गेली. टर उडवणाऱ्यांनी काय उभं केलं? सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात होड्यांची दाटी, आणि प्रवाळावर पाय देऊन फोटो काढणारी माणसं. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी वीसेक पर्यटकांची होडी उलटली, दोघांचा जीव गेला. पावसाळ्यासाठी जलपर्यटन बंद व्हायला तेव्हा जेमतेम दोन दिवस उरले होते. हंगामाचे शेवटचे रुपये सोडवत नाहीत, आणि मे अखेरचा समुद्र कुणाचं ऐकत नाही. काही आठवडे तपासण्या झाल्या, बातम्या आल्या, मग सगळं मागील पानावरून पुढे.

म्हणून वाघोलीतल्या पोरांना मी दर वेळी सांगते, व्यावसायिक निवडताना व्हिडिओ बघू नका, प्रश्न विचारा. आम्ही सगळे पाण्यात असताना होडीवर कोण असेल? होडी मागे येते की नांगरलेली असते? परत निघताना नावं घेऊन मोजता की डोकी? ऑक्सिजनची बाटली होडीत आहे का, आणि ती लावता कुणाला येते? गेल्या हंगामात किती वेळा डाइव्ह रद्द केली? या शेवटच्या प्रश्नाला जो ‘एकदाही नाही’ म्हणतो, त्याच्याकडे अजिबात जायचं नाही.

आणि एक गोष्ट आम्हा घाटावरच्यांचीच. उथळ पाण्यातल्या हौशी बुडीचं ठीक, पण नेत्राणीसारखी खोल डाइव्ह रविवारी दुपारी करून संध्याकाळी बसमध्ये बसायचं आणि रात्री आंबोली घाट चढायचा, हे शरीराला मानवत नाही. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी असतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक डाइव्हनंतर अठरा तास थांबायला सांगतात, ते याचमुळे. घाटालाही तोच विचार लावायला हवा. तरीही कुठल्याच सहलीच्या वेळापत्रकात मला असा मोकळा दिवस दिसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीसाठी आमच्या इमारतीतल्या तिघांनी आगाऊ पैसे भरलेत. मी एजंटला फोन करून विचारलं, होडी कुणाची? त्याला नाव सांगता आलं नाही, “तिकडे गेल्यावर ठरतं” म्हणाला. तिघांनाही पैसे परत मागायला लावले आहेत. एकाचे आले, दोघांना तारीख बदलून देतो म्हणतोय.