नहपानाच्या नाकावरचा डोंगर

महाडमधल्या एका संग्राहकांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि भिंग पुढे केलं. अंगठ्याच्या नखाएवढी चांदीची चकती, काट्यावर अडीच ग्रॅमही भरत नाही. वर तीन कमानींचा डोंगर, हे सातवाहनांचं चैत्यचिन्ह. खाली नागमोडी रेघ. "जरा तिरकं धरा," ते म्हणाले. तिरकं धरताच रेघांमधून एक नाक वर आलं, मग हनुवटी, आणि कडेला ग्रीक अक्षरं.

नाक नहपानाचं. हा क्षत्रप शक, ग्रीक नव्हे. पण नाणं पाडायची रीत ग्रीकांची. अथेन्सचं घुबडछाप चार द्राख्मांचं नाणं सुमारे सव्वासतरा ग्रॅमचं, लॉरियनच्या खाणींतल्या चांदीवर चाललेलं. बॅक्ट्रियाकडून हिंदुस्थानात उतरलेल्या ग्रीक राजांनी द्राख्मा अडीच ग्रॅमच्या आसपास आणला. राजाचा चेहरा आणि भोवती लेख मात्र ठेवला. मिनँडर, अपोलोडोटस यांचे जुने द्राख्मे भडोचला अजून चालतात, असं 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेचा पहिल्या शतकातला लेखक नोंदवतो. त्याच्याच यादीतलं 'पालैपट्मै' बंदर म्हणजे गंधारपाले लेण्यांखालचं पाले, असं काही अभ्यासक मानतात. सावित्रीतून आलेला माल पुढे पोलादपूर, वरंधच्या घाटांनी देशावर चढायचा, हे लक्षात घेतलं तर ते अशक्य वाटत नाही.

नाणं पाडायचं ते असं: खालचा ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर चकती, तिच्यावर हातात धरलेला दुसरा ठसा, आणि हातोड्याचा घाव. नहपानाचा पाडाव केल्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याची नाणी न वितळवता पुन्हा ठशाखाली घातली. सह्याद्रीच्या काळ्या दगडात चांदी नाही, सगळी बाहेरची. आटवण्यात वेळ आणि घट दोन्ही. माझ्या हातातल्या नाण्यावर डोंगर एका बाजूला सरकलाय, अर्धा लेख कडेबाहेर गेलाय. शत्रूचा चेहरा मुद्दामच अर्धवट राखला, असंही कुणी म्हणेल. मला ती निव्वळ घाई वाटते. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची 13 हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर हा दुसरा घाव आहे. एवढ्या घावांत नेम कोण धरत बसणार!

चेहऱ्याची रीत मात्र मोडली नाही. पुढच्या सातवाहन राजांनी चांदीवर स्वतःचेच चेहरे छापले. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा आत यज्ञ सातकर्णीचं तसलंच एक चांदीचं नाणं निघालं.