सकाळच्या रॅप शोमागे काय चालतं?

मालेगावात आमच्या वर्गातली मुलं म्हणतात, ‘सर, आरजे व्हायचंय, रॅप लावायचंय.’ घरचे घाबरतात: तिथं काहीही बोलतात म्हणे! तसं नसतं. गाण्यांचा क्रम, जाहिराती, बोलायच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. खाजगी एफएमलाही आकाशवाणीची कार्यक्रम संहिता बंधनकारक आहे, म्हणून शिव्या कापूनच रॅप वाजतं. बातम्याही स्वतःच्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा लावाव्या लागतात.

बाकी खरी मेहनत शब्दांची. कुर्ल्याच्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, २०१४ मध्ये ‘आफत’ आयपॅडवरच रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्यावरच काढला. शब्द तर आपल्या घरात दोन भाषांचे आहेत, उर्दूचा काफिया नि मराठीचं यमक. तेव्हा ‘बंद कर’ म्हणण्याआधी पोरानं काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या.