इको, सिटी, स्पोर्ट : बटण फिरवलं की गाडीत नेमकं काय बदलतं?



या कार्यक्रमात आपण एरवी कर्जाचे हप्ते, शेळ्यांची लस, पापड-कुरडयांची विक्री असे विषय घेतो. आज मात्र गाडीतल्या एका छोट्या बटणाबद्दल बोलायचं आहे. शिरूर आणि दौंडच्या गटांमध्ये आता काही जणींच्या दारात चारचाकी उभी आहे. काही जणी लायसन काढताहेत. काही जणी इलेक्ट्रिक स्कूटरसाठी गटाकडून कर्ज मागताहेत. आणि बैठकीत हटकून एक प्रश्न येतो, "ताई, गाडीत इको, सिटी, स्पोर्ट असं लिहिलंय, ते कशासाठी असतं?" घरात विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "त्याला हात लावू नको." गाडी चालवणाऱ्या बाईला हे उत्तर पुरणार नाही. हात लावायचा की नाही हे कळायचं असेल, तर ते बटण काय करतं हे आधी कळायला हवं.

हा विषय आपल्या गावाशेजारचाच

रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाला आपण सगळ्याच जातो. त्याच रांजणगावच्या एमआयडीसीत टाटा आणि फियाट (आता स्टेलांटिस) यांच्या भागीदारीतला मोटारींचा कारखाना आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आलेली टाटा नेक्सॉन याच कारखान्यात तयार होऊ लागली आणि तिच्यात इको, सिटी आणि स्पोर्ट असे तीन मोड होते. त्याआधी २०१४ साली आलेल्या टाटा झेस्टच्या पेट्रोल गाडीतही हे तीन मोड होते. म्हणजे जे बटण आपल्याला परकं वाटतं, त्याच्या गाड्या आपल्याच तालुक्यातून ट्रेलरवर चढून देशभर जातात.

पाय आणि इंजिन यांच्यामध्ये कोण?

जुन्या गाडीत रेसच्या पायदानापासून इंजिनापर्यंत एक तार असायची. पाय जितका दाबाल तितकी तार ओढली जायची आणि तितकी हवेची झडप उघडायची. पेट्रोल इंजिनात रेस देणं म्हणजे खरं तर हवेची झडप उघडणं. हवा जास्त आली की त्या मानाने पेट्रोलही जास्त जातं. विहिरीवरच्या रहाटासारखाच हा प्रकार. दोर तुमच्या हातात, बादली दोराला. हात हलला की बादली हलली. मध्ये कुणी नाही.

आताच्या गाडीत ती तार नाही. पायदानाखाली एक सेन्सर असतो. तुमचा पाय किती दाबला गेला, हे तो गाडीतल्या संगणकाला कळवतो. मग संगणक ठरवतो की झडप किती उघडायची. डिझेल गाडीत तो डिझेल किती सोडायचं ते ठरवतो आणि बॅटरीच्या गाडीत मोटरला वीज किती द्यायची ते ठरवतो.

शेतातल्या पंपाला आता मोबाईल स्टार्टर बसवतात, तो आठवा. पूर्वी आपण विहिरीवर जाऊन हाताने स्टार्टर दाबायचो. आता घरातून फोन करतो. पेटी आधी बघते, तिन्ही फेज आहेत का, आणि मगच मोटर चालू करते. आपण फक्त निरोप देतो, काम पेटी करते. गाडीतही तसंच झालं आहे. तुमचा पाय निरोप देतो आणि संगणक तो निरोप इंजिनाला सांगतो. मोड म्हणजे तो निरोप कसा सांगायचा याची सूचना. इकोमध्ये तो सबुरीने सांगतो, स्पोर्टमध्ये तातडीने.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही रेस पाव दाबली. सिटी मोडमध्ये झडप साधारण तेवढीच उघडली. तेवढाच पाय इकोत दाबला तर ती त्याहून कमी उघडेल आणि स्पोर्टमध्ये अर्ध्याच्या आसपास उघडेल. हे आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येक गाडीचं गणित वेगळं असतं. पण मूळ गोष्ट हीच. पाय तोच, इंजिनही तेच, उत्तर मात्र वेगळं.

म्हणून एक गैरसमज आधी काढून टाका. स्पोर्ट मोड लावला म्हणजे इंजिन मोठं होतं, असं नाही. आपल्या नेहमीच्या बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनाची पूर्ण ताकद आहे तेवढीच राहते, फक्त थोड्या पायात ती लवकर हाती येते. गॅसच्या शेगडीचं बटण थोडं फिरवल्यावर ज्योत एकदम मोठी झाली, तरी सिलिंडर तोच असतो ना? तसंच हे. इकोत मात्र काही गाड्या वरची ताकद थोडी रोखूनही धरतात. आपल्या गाडीत काय होतं, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात पाहावं.

रेसशिवाय आणखी काय बदलतं?

क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत मोडप्रमाणे गिअर बदलायची वेळही बदलते. इकोत गाडी लवकर वरचा गिअर घेते, इंजिन शांत राहतं. स्पोर्टमध्ये ती खालचा गिअर जास्त वेळ धरते, आवाज वाढतो आणि पिकअप चटकन मिळतो. काही गाड्यांत स्टिअरिंगही थोडं जड लागतं. काहींत इकोमध्ये एसीचा जोर कमी होतो. भर उन्हात इको लावल्यावर गाडी लवकर थंड होत नसेल, तर प्रत्येक वेळी एसी बिघडलेला असतोच असं नाही.

मग इकोमध्ये ॲव्हरेज खरंच वाढतं का? वाढतं, पण त्यात जादू नाही. गाडी हळूहळू वेग घेते म्हणून इंधन वाचतं. तुम्ही स्वतःच पाय हलका ठेवला, पुढचा गतिरोधक लांबूनच पाहून रेस सोडली, टायरमध्ये हवा बरोबर ठेवली, तर सिटी मोडमध्येही बचत होते. उलट गाडीत पाच माणसं आणि मागे मसाल्याची पोती भरून दिवे घाट चढताना इको लावला, तर गाडी उचल घेत नाही, आपण रेस दाबतच राहतो आणि बचत कुठल्या कुठे जाते. चढाला आणि ओझ्याला सिटी मोड आणि योग्य गिअर बरा.

उसाच्या ट्रॉलीमागे असताना

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिवाशी संबंध असलेली. शिरूरहून न्हावरे, पारगाव करत चौफुल्याला जाणारा रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या, अशी रांगच्या रांग लागलेली असते. त्यांच्या मागे चालताना आपला वेगही कमी झालेला असतो. मोड इकोवर आहे हे आपण विसरलेलो असतो. समोर रस्ता मोकळा दिसला म्हणून आपण बाहेर काढतो, रेस देतो, आणि गाडी सावकाश निघते. आपण घाबरून पाय आणखी दाबतो. या गोंधळात दोन सेकंद सहज जातात.

दोन सेकंद म्हणजे किती? हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोरून येणारी गाडीही ६० च्या वेगात असेल, तर दोघींमधलं अंतर सेकंदाला ३३ मीटरने कमी होतं. दोन सेकंदांत ६६ मीटर, म्हणजे दोनशे फुटांहून जास्त. जी जागा पुरेल असं वाटत होतं, ती अशी संपते.

म्हणून ओव्हरटेक करायचा असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. मोड बदलायचा तर ट्रॉलीच्या मागे असतानाच बदला, शेजारी गेल्यावर बटण शोधू नका. गिअरची गाडी असेल तर आधी खालचा गिअर टाका, कारण पिकअपसाठी मोडपेक्षा गिअर मोठा. दोन ट्रॉल्यांच्या पुढे आणखी एक ट्रॅक्टर नाही ना, हे पाहा. आणि मनात जराही शंका आली तर मागेच थांबा. मागून कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी थांबा. दहा मिनिटं उशीर झाला तर घरचे बोलतील, पण आपण बोलणी खायला घरी पोचलेल्या असू.

याची दुसरी बाजूही आहे. नवीन शिकणारीने गावातल्या बोळात, बाजारच्या दिवशी किंवा गाडी मागे घेताना स्पोर्ट मोड लावू नये. तिथे पाय थोडा जास्त पडला तरी गाडी झेप घेते. अंगणात लेकरं, कोंबड्या, भिंत, सगळं जवळच असतं. अशा ठिकाणी इको आपल्या फायद्याचा, कारण तो पायाची चूक थोडी पोटात घालतो.

मोड जे बदलत नाही ते

ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे स्पोर्ट लावल्याने कमी होत नाही आणि इको लावल्याने वाढत नाही. ते वेगावर, टायरवर, रस्त्यावर आणि ओझ्यावर ठरतं. गुळगुळीत झालेल्या टायरला कोणताही मोड पकड देत नाही.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर हे नीट लक्षात ठेवायला हवं. रांजणगावलाच तयार होणाऱ्या जीप कंपासच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत बर्फ, वाळू आणि चिखल यांसाठी वेगळे मोड आहेत. तिथे बटण फिरवल्यावर कोणत्या चाकाला किती ताकद द्यायची आणि चाक किती घसरू द्यायचं, हे बदलतं. आपल्या साध्या गाडीत मात्र फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या चाकांना ताकद मिळते. तिच्यातला इको किंवा स्पोर्ट म्हणजे चिखलाचा मोड नव्हे. चिखलात पाय हलका ठेवायचा. चाक जागेवर फिरायला लागलं की रेस सोडायची. जोर करत बसलात तर गाडी आणखी रुतते.

बॅटरीच्या गाडीत मोड

इलेक्ट्रिक गाडीत मोड जास्त जाणवतो, कारण मोटर थांबलेल्या जागेवरूनच पूर्ण जोर देऊ शकते. संगणकाने आवरलं नाही तर ती एकदम उसळेल. पुण्याच्या बजाजची इलेक्ट्रिक चेतक स्कूटर २०२० साली आली, तेव्हा कंपनीने एका चार्जिंगमध्ये इको मोडला ९५ किलोमीटर आणि स्पोर्टला ८५ किलोमीटर असे आकडे दिले होते. गाडी तीच, बॅटरी तीच, फरक १० किलोमीटरचा. वाडीवरून तालुक्याला जाऊन परत यायचं असेल आणि वाटेत चार्जिंगची सोय नसेल, तर हे १० किलोमीटर म्हणजे घरी पोचणं किंवा स्कूटर ढकलणं. शिवाय कंपनीचा आकडा आणि आपला रस्ता यात फरक पडतोच. मागे माणूस बसलं, चढ आला, वारा समोरून आला की अंतर घटतं.

बॅटरीच्या गाडीची आणखी एक खोड आहे. रेसवरून पाय उचलला की मोटर उलट काम करते, थोडी वीज बॅटरीत परत टाकते आणि गाडीचा वेग आपोआप कमी होतो. २०२३ च्या नेक्सॉन इलेक्ट्रिकमध्ये हा आवर किती हवा, ते चालवणाऱ्याला ठरवता येतं. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज मावायला जागा नसते, म्हणून सकाळी चार्जिंगवरून काढल्या काढल्या तो आवर कमी जाणवू शकतो. रोजच्या सवयीवर न जाता पाय ब्रेकजवळ तयार ठेवावा.

घेताना आणि शिकताना

गाडी घ्यायला जाल तेव्हा विकणारा सांगेल, "ताई, तीन मोड आहेत." तेव्हा त्याला विचारा : इकोत पूर्ण रेस दाबली तर पूर्ण ताकद मिळते का? गाडी बंद करून पुन्हा चालू केली की कोणता मोड लागतो? इकोत एसी कमी होतो का? इलेक्ट्रिक असेल तर प्रत्येक मोडमध्ये किती अंतर जाते? जुनी गाडी असेल तर बटण फिरवून, चालवून दाखव म्हणा. फक्त मोड आहेत म्हणून गटाच्या कर्जाचा हप्ता वाढवू नका. त्याच पैशात चांगले टायर येत असतील तर टायर घ्या.

आणि शिकताना, शिकवणारं माणूस शेजारी घेऊन मोकळ्या मैदानावर हे करून पाहा. आधी इको लावा, दुसऱ्या गिअरमध्ये थोडीशी रेस द्या आणि गाडी कशी निघते ते अंगाला कळू द्या. मग गाडी थांबवून सिटी लावा, तेवढाच पाय द्या. मग स्पोर्ट. तीन फेऱ्यांत तुमच्या पायाला जे समजेल, ते माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यातून समजणार नाही. त्यानंतर रोज गाडी चालू केली की सीट, आरसे, पट्टा याबरोबर मोड कोणता आहे, तेही एकदा बघायचं. घरात दुसऱ्या कुणी चालवली असेल तर नक्कीच बघायचं.

पुढच्या मासिक बैठकीत ज्यांच्याकडे गाडी किंवा स्कूटर आहे, त्यांनी तिचं पुस्तक बरोबर आणावं. मोडचं पान आपण मिळून वाचू. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही बसावं. उद्या तुम्ही कुणाच्या शेजारी बसून जाल आणि ट्रॉलीमागे असताना विचाराल, "मोड कोणता आहे गं?" त्या विचारण्यानेही कुणाचा तरी जीव वाचेल.

गाडी सावकाश चालवा.